रिकाम्या हातांची गाडी

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये हळदीकुंकवाला बायका जमल्या की कोणीतरी विचारायचंच, "जाधववहिनी, तुम्ही युनिव्हर्सिटीत नेमकं करता काय?" मी म्हणायचे, फेलोशिप सांभाळते. मग त्यांना वाटायचं, गरीब मुलांची स्कॉलरशिप. आपल्या भाच्याचे मार्क सांगून त्या विचारायच्या, काही जमेल का? मी नाही म्हटलं की आणखी एक तिळगूळ हातावर पडायचा आणि विषय बदलायचा.

आता निवृत्त झाले आहे. या अंकाच्या निमित्ताने एकदा नीट सांगूनच टाकते.

आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. वडील फौजेत हवालदार. साताऱ्याकडचं गाव सोडून दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये आले आणि आम्हा भावंडांना इथेच वाढवलं. मी विद्यापीठात असिस्टंट म्हणून चिकटले आणि शेवटची बरीच वर्षं एका कक्षाची सेक्शन ऑफिसर होते. या कक्षाचं काम असं की, संशोधनासाठी पैसे देणाऱ्या जागा पुष्कळ असतात, पण तिथे विचारतात, तुम्ही काय शोधणार? आमच्याकडे विचारायचे, तुम्ही कसं शोधणार? शोधण्याची नवी रीत काढायची, तीही दोन लांबच्या विषयांतल्या दोन माणसांनी मिळून. एकट्याने अर्ज केला तर मी तो दारातूनच परत पाठवायचे.

माणसं कशी यायची म्हणता? एक रसायनवाले आणि एक इतिहासवाल्या बाई जुन्या सरकारी कागदांचा वास बाटलीत धरायला निघाले होते. कोणता कागद कोणत्या कपाटात किती वर्षं पडून होता, हे म्हणे वासावरून कळतं. ऑडिटवाल्यांनी मला विचारलं, 'वास' या खर्चाचं शीर्षक काय लावायचं? दुसऱ्या एका जोडीने सरोजिनी नगरच्या बाजारातून परदेशातून आलेले जुने शर्ट गोळा केले होते. कोणत्या देशातल्या कोणत्या माणसाने कॉलर कशी झिजवली, ते बघायला. माझ्या ऑफिसात दोन आठवडे दोरीवर शर्ट लटकत होते आणि येणारा-जाणारा भाव विचारायचा.

मी हसायचे. पण घरी जाताना मेट्रोत डोक्यात तेच चालायचं. दहावीला मला शिकवलं होतं की उत्तर पुस्तकाच्या मागे असतं. इथे शिकलेली मोठमोठी माणसं उत्तर सोडाच, प्रश्न कुठल्या बाजूने धरायचा तेच ठरवत बसलेली. मला त्यांचं फार नवल वाटायचं, आणि खरं सांगायचं तर आपण त्या खोलीत बसतो याचा अभिमानही.

फेलोशिपचा एक नियम मात्र भल्याभल्यांना घाम फोडायचा. पहिलं वर्ष सरत आलं की आढावा व्हायचा. तिथे स्लाइड चालायच्या नाहीत. जोडीतल्या प्रत्येकाने दुसऱ्याचं काम समितीसमोर स्वतः करून दाखवायचं. कवीने सूक्ष्मदर्शक लावायचा, जीवशास्त्रज्ञाने कविता वाचायची. त्यातून समितीला पटलं तर दुसरं वर्ष. नाही पटलं तर काम तिथेच संपलं. ऑफिसात आम्ही याला 'अदलाबदल' म्हणायचो.

त्या अदलाबदलीत मी जे पाहिलं, त्याबद्दल हे लिहिते आहे.

डॉक्टर नितीन सबनीस मूळचे पुण्याचे, संख्याशास्त्राचे. उंच, वाळके, शर्टाचं वरचं बटणही लावणारे. चारचौघांत इंग्रजी नाहीतर हिंदी, आणि खोलीत दुसरं कोणी नसलं की "अहो जाधव मॅडम" करून मराठी. त्यांच्या जोडीला पारुल, दिल्लीचीच, पंजाबी घरातली, कथक शिकवणारी. तिच्या एका वाक्यात तीनदा 'यार' यायचं आणि त्या प्रत्येक 'यार'ला सबनीस डोळे मिटून घ्यायचे.

त्यांचा विषय होता मानेसर, गुडगावच्या पुढचं, गाड्यांच्या कारखान्यांचं. गाडीच्या आत सगळीकडे वायरी पसरलेल्या असतात ना, त्या वायरींचा जुडगा आधी वेगळा तयार करतात. मोठी फळी असते, तिच्यावर खुंट्या. खुंट्यांमधून रंगीत वायरी ओढायच्या, चिमटे लावायचे, काळ्या टेपने गुंडाळायचं. फळी पट्ट्यावरून सरकत असते, म्हणून हे सगळं तिच्याबरोबर आडवं चालत करायचं. हे काम बहुतेक बायका करतात. दोन-तीन वर्षांत मनगट जातं, खांदा जातो. डॉक्टर विचारतात, कुठे दुखतं? त्या म्हणतात, सगळीकडे. कुठल्या हालचालीने दुखतं हे कोणालाच सांगता येत नाही, कारण हाताला सवय झालेली असते आणि डोक्याला पत्ता नसतो.

सबनीस आणि पारुलची रीत अशी: बाईच्या हातात काहीच द्यायचं नाही. ना वायर, ना टेप. रिकाम्या हातांनी रोजचं काम करून दाखव म्हणायचं. वस्तू काढून घेतली की नुसती हालचाल उरते. पारुल ती नाचासारखी वाचणार, सबनीस मनगटावर बारीक यंत्रं बांधून ती आकड्यांत मोजणार.

दोघांनी यासाठी पुष्कळ सोडलं होतं. सबनीसांनी संस्थेतून बिनपगारी रजा घेतली होती, आणि तिथे त्यांच्या मागे लोक हसत होते. पारुलने चालता क्लास बंद केला होता. दुसरं वर्ष मिळालं नाही, तर या कामाकडे परत कोणी वळून बघणार नाही, हे दोघांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

मानेसरच्या बायकांना रविवारची सुट्टी. एका इमारतीच्या तळमजल्यावर हॉल होता, तिथे त्या यायच्या. सुरुवातीचे महिने ओळखीपाळखीत गेले, पुढचं अर्धं वर्ष काम छान चाललं. मग एका सकाळी सबनीस माझ्या खोलीत येऊन खुर्चीवर बसले. मी चहा मागवला. दोन घोट घेऊन म्हणाले, "मॅडम, आकडे फार सुंदर आहेत."

मी म्हटलं, मग बरंच की.

"नाही हो. माणसं इतकी सारखी नसतात. सगळ्यांचे हात एकाच मापाने हलतायत. काहीतरी चुकलंय."

ते गेले आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पारुल आली. सकाळी सबनीस येऊन गेले हे तिला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "जाधवजी, एक बात बताऊँ? वे साँस नहीं ले रहीं, यार. इम्तहान में नाचने वाली लड़कियाँ जैसे साँस रोक लेती हैं ना, बिल्कुल वैसे."

एकाने आकडे बघून, दुसरीने श्वास बघून एकाच दिवशी मला तेच सांगावं, याचं मला फार आश्चर्य वाटलं. मी सबनीसांना परत बोलावून दोघांना समोरासमोर बसवलं.

आढाव्याआधी कामाची जागा बघून येणं माझ्या कामातच होतं. पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर मानेसरला गेले. तिथे संतोष नावाची बाई सगळ्यांच्या पुढे असायची. (तिने ते काम केव्हाच सोडलं, आणि नाव तिला विचारूनच लिहिते आहे.) हरियाणात संतोष हे बाईचंही नाव असतं. माझ्या कागदांवर मी आधी तिला श्री लावून बसले होते. चाळिशीच्या आतली, अंगाने धट्टीकट्टी, बोलायला फटकळ. पारुलने तिला सरळच विचारलं, दीदी, हे तुम्ही रोज असंच करता का?

संतोष हसायला लागली. बाकीच्या बायकांनी ओढण्या तोंडाशी नेल्या. मग तिने सांगितलं त्याचा अर्थ असा: कारखान्यात तपासणीचे साहेब येतात त्या दिवशी भिंतीवरच्या तक्त्यात काढलंय तसं काम करायचं असतं. दोन्ही पाय टेकलेले, कोपर अंगाशी, मान सरळ. त्याला त्या म्हणतात 'साहबवाले हाथ'. तसं रोज केलं तर फळी पुढे निघून जाईल. पण साहेबासमोर सगळ्या तसंच करतात, आणि कुणाची वेगळी रीत बाहेर फुटू देत नाहीत.

"आप लोग कॉपी-पेन लेकर आए," ती म्हणाली, "मशीन बाँधी, कैमरा लगाया. हमने सोचा, साहब लोग हैं, अच्छे वाले हाथ दिखा दो."

खोटेपणा नव्हता हो त्यात. पाहुण्याला फुटका कप देत नाहीत, तितक्या सहजपणे त्यांनी ते केलं होतं. सबनीसांचं तोंड मात्र उतरलं. अर्ध्या वर्षाचे आकडे होते, आणि एकही खरा नव्हता.

पारुलने खरे हात दाखवायला सांगितले, तेव्हा हसणं थांबलं. संतोष म्हणाली, दाखवू, पण ते कंपनीत पोचलं तर? उद्या सुपरवायझर म्हणेल, तू तक्ता सोडून काम करतेस, म्हणून दुखतं, चूक तुझी. नोकरी गेली तर तुम्ही देणार का?

सबनीसांनी शब्द दिला, यातलं काहीच टिपणार नाही. त्यांनी सगळ्यांच्या मनगटांवरची यंत्रं एकेक करून सोडवली. कॅमेरा पिशवीत घातला, आणि पिशवी दाराबाहेर ऑफिसच्या गाडीत ठेवून आले. परत येऊन जमिनीवर मांडी घालून बसले. पँटच्या इस्त्रीची फिकीर करणारा माणूस.

मग संतोष उभी राहिली.

ते कसं सांगू? समोर काही नव्हतं, पांढरी भिंत आणि कोपऱ्यात रचलेल्या खुर्च्या. तिने हात उचलला आणि मला वायर दिसली. डाव्या हाताने ओढली, उजव्याने खुंटीमागे टाकली, अंगठ्याने दाबून चिमटा बसवला. फळी जरा निसटली तशी तिने ती मांडीने अडवली. एका पायावर सगळा भार, दुसरा नुसता टेकलेला. टेप गुंडाळताना खांदा कानापर्यंत वर गेला. आणि टेप तोडायला दोन्ही हात मोकळे नसतात, म्हणून मान तिरकी करून दातांनी, खटकन. तक्त्यावर दात कुठून असणार? हे सगळं करताना ती शेजारणीशी सासूबद्दल बोलत होती. एकेक करून बाकीच्याही उठल्या. प्रत्येकीचं वेगळं. एक गुडघ्याने ढकलत होती, एक हातांच्या आधीच कंबर वळवत होती. सगळ्या आडव्या चालत हॉलच्या या टोकाकडून त्या टोकाला गेल्या, आणि हवेत एक गाडी तयार होत गेली.

मी खूप नाटकं, कार्यक्रम पाहिले आहेत. पण माझ्या अंगावर असा काटा कधी आला नव्हता. ही माणसं रोज एवढं काही हातात घेऊन बसने जातात-येतात आणि कोणाला दिसत नाही. पारुल रडत होती. सबनीस बघत होते, हात मांडीवर, एकही टिपण न घेता.

आम्ही गाडीने परत निघालो. आढावा जवळ आला होता. जुनं साहित्य निकामी, आणि नवं टिपायचं नाही असा शब्द दिलेला. समितीला दाखवायचं काय? गुडगावचा टोलनाका मागे पडल्यावर सबनीस मागच्या सीटवरून इंग्रजीतच म्हणाले, "पारुल, मला शिकव."

"क्या?"

"त्यांचे हात. आपण दोघांनी शिकून घ्यायचे. नाव नाही, चेहरा नाही. आपल्याच अंगातून दाखवायचं. नियम तोच आहे ना, मॅडम?"

नियम तोच होता. पण नियम लिहिणाऱ्यांनी असं काही मनात तरी आणलं असेल का, मला शंका आहे.

त्यानंतरचे रविवार दोघं तळमजल्यावर विद्यार्थी झाले. बायका शिकवायच्या आणि मनसोक्त हसायच्या. पारुलला दोन खेपांत जमलं, सबनीसांना काही केल्या जमेना. त्यांचा खांदा वर जायचा तर हात थांबायचा. आठवडाभर ते विद्यापीठाच्या व्हरांड्यात आडवे चालताना दिसायचे. कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता मान तिरकी करून हवेत दात मारायचे. गार्डने मला येऊन हळूच विचारलं, "मैडम, सर की तबीयत तो ठीक है?" व्हिडिओ कॉलवर हाच प्रकार पाहून सबनीसांच्या सौभाग्यवतींचा पुण्याहून मला फोन आला, तेव्हा त्यांनी तर सरळ विचारलं, तिकडे यांना काही औषध चालू आहे का?

आढाव्याची तारीख मी ठरवायचे. संतोषने बजावलं होतं, हमारे हाथ दिखाओगे और हम ही नहीं देखेंगी? म्हणजे रविवारच हवा. मी समितीच्या अध्यक्षांना कळवलं की विद्यापीठाचा हॉल फक्त रविवारी मोकळा आहे. ते खोटं नव्हतं, बाकीचे दिवस मीच भरून ठेवले होते. समितीतल्या अर्थशास्त्राच्या मॅडम आल्या त्याच फणकारत, की जाधवजींच्या राज्यात आता इतवारही गेला.

अध्यक्ष वयस्कर, पदार्थविज्ञानाचे. कमी बोलणारे. आढावा कुणालाही बघता यायचा, म्हणून बायकांना मी मागच्या रांगेत बसवलं. कोण कुठल्या, मी सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही. त्या नव्या साड्या नेसून, डबे घेऊन आल्या होत्या.

सबनीस उभे राहिले आणि पहिलंच वाक्य बोलले की आमचे अर्ध्या वर्षाचे आकडे चुकीचे आहेत, ते बाजूला ठेवावेत. समितीत कुजबुज झाली. का चुकले, ते त्यांनी सांगितलं. मग नवं साहित्य का दाखवता येणार नाही, तेही सांगितलं.

अर्थशास्त्राच्या मॅडमनी चष्मा काढला. "डॉक्टर सबनीस, आप स्टैटिस्टिशियन हैं. रेकॉर्डिंग नहीं, नाम नहीं, नंबर नहीं. आप जो दिखाएँगे वह सच है, यह हम कैसे मानें?"

प्रश्न रास्त होता. मी मिनिट्स लिहायला बसले होते, तो मी तसाच उतरवून घेतला. सबनीस म्हणाले, "मॅडम, मैं साबित नहीं कर सकता." इतकं प्रामाणिक आणि इतकं घातक वाक्य त्या हॉलमध्ये मी आधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, संपलं.

अध्यक्ष म्हणाले, "दिखाइए."

पारुलने सुरुवात केली. ती सुरेख करणारच होती. मग सबनीस. वरच्या बटणापासून बूट-मोज्यांपर्यंत तोच माणूस, आणि हात उचलल्याबरोबर तो राहिला नाही. फळी मांडीने अडवली. भार एका पायावर गेला. खांदा कानापर्यंत चढला आणि चढलेलाच राहिला, कारण पुढची वायर आली होती, आणि तिच्या पुढची. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ते आडवे सरकत समितीच्या टेबलासमोरून जात होते आणि त्या खांद्याचं दुखणं मला माझ्या खांद्यात कळत होतं.

अध्यक्ष सबनीसांकडे बघत नव्हते. त्यांची नजर हॉलच्या मागे लागली होती. मीही मान वळवली.

मागच्या रांगेतल्या बायका नुसत्या बघत बसल्या होत्या. निदान त्यांना स्वतःला तसंच वाटत असणार. पण पदराखाली, मांडीवर, सगळ्यांची बोटं चालली होती. सबनीस ओढत होते तेव्हा ओढत होती, दाबत होते तेव्हा दाबत होती. त्यांनी मान तिरकी करून टेप तोडली, आणि त्या अख्ख्या रांगेच्या हनुवट्या एकदम, जराशाच, तिरक्या झाल्या. त्यांच्यातल्या कुणाच्याही ध्यानात न येता.

अध्यक्षांनी ते पाहिलं. अर्थशास्त्राच्या मॅडमनी त्यांच्या नजरेमागे नजर नेली आणि चष्मा परत लावला. कोणीही बोट दाखवलं नाही. त्या कोण, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं, आणि माझ्या हातून ते कागदावर गेलं असतं.

सबनीस थांबले. अध्यक्ष माझ्याकडे वळले. "जाधवजी, लिखिए. समिति ने देखा. दूसरा वर्ष मंज़ूर."

मॅडमनी विचारलं, "क्या देखा, यह नहीं लिखेंगे?"

"नहीं," ते म्हणाले. "बस इतना ही."

मी आयुष्यभर मिनिट्स लिहिले. पानंच्या पानं. त्यातल्या एवढ्या छोट्या वाक्याने माझं पेन कधी अडखळलं नव्हतं.

संध्याकाळी बायकांना बसपर्यंत सोडायला गेले. मला वाटलं होतं, आपण कशा दिसतो ते बघायला त्या आल्या असतील, काही बोलतील. संतोषला त्याचं काही नव्हतंच. तिने फाटकाशी माझा हात धरला आणि विचारलं, "मैडम, दोनों पास हो गए?"

मी म्हटलं, हो, दोघंही.

ती मागे वळून मोठ्याने म्हणाली, "पास हो गए री." मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. पारुलची काळजी नव्हती म्हणे, पण सरांची फार होती. त्यांच्याकडून टेप नीट तुटायचीच नाही. आज कशी सफाईने तोडली, बघितलं का? एकीने तर उपास धरला होता.

माझा बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी वडील ड्यूटीवरून वर्दीतच आले होते आणि कॉलेजच्या फाटकाबाहेर उभे होते. आत यायला संकोचत होते. मी बाहेर आल्यावर त्यांनी किती टक्के, कुठला क्लास असलं काही विचारलं नाही. संतोषने विचारलं तेवढंच विचारलं होतं, आणि चेहराही असाच होता.

बस आली. खिडकीतून संतोषने ओरडून सांगितलं, सरांना म्हणावं, दुसऱ्या वर्षी खांदा अजून वर गेला पाहिजे.